मित्राचं लग्न आणि त्याच्या बाजूला उभे आपण (अनुभव धागा)

नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये नवरदेवाच्या अशा मित्राला बेस्टमन म्हणतात. आपल्या मांडवात करवली असते, मामा असतो; पण जिवलग मित्राला नाव नाही, तो नुसता 'नवरदेवासोबत' असतो. काम मात्र हळदीपासून वरात परतेपर्यंत सुटत नाही. नागपूरकरांनो, तुम्ही कोणासोबत उभे होते, काय काय निभावलं, ते आपल्या वस्तीचं नाव वर टाकून इथे लिहा. सुरुवात मी करतो.

त्रिमूर्तीनगर
लग्न नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मुहूर्त भर दुपारचा. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. घोडीवर मित्र, कपाळाला बाशिंग, हातातल्या कट्यारीच्या टोकाला लिंबू. माझ्या एका खिशात बँडवाल्यांसाठी दहाच्या नोटा, दुसऱ्यात ऊन लागू नये म्हणून दोन कांदे. दर चौकात त्याला पन्हं पाजत होतो.

त्याच्या आईने सकाळीच मंगळसूत्राची डबी माझ्याकडे दिली होती. "बाबू, हे तुझ्यापाशीच ठेव." कुर्त्याचा खिसा उथळ, म्हणून मी ती बॅगेत ठेवली. बॅग खोलीत, खोलीला कुलूप आणि चावी चुलतभावाच्या खिशात. तो पाहुणे आणायला अजनी स्टेशनवर गेलेला. हे मला कळलं तेव्हा मंगलाष्टकं संपून कन्यादान सुरू होतं. फोन लागेना. गुरुजींनी हात पुढे केला आणि माझ्या तोंडाला कोरड पडली.

नवरीच्या आजीने ओळखलं. कंबरेचा बटवा सोडला, चुरगाळलेल्या कागदातून काळी पोत काढली. "हे चालते नं गुरुजी?"

"चालते आजी. मणी काळे पाहिजे, बस."

पोत बांधायला वाकला तेव्हा मित्राने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "काऊन घाबरून राहिला बे? मी आहो नं." धीर मी द्यायचा, तर तो मला देत होता. सोन्याचं मंगळसूत्र अर्ध्या तासाने आलं. त्याच्या आईने मला एका शब्दानेही दुखवलं नाही. वहिनी सणावाराला सोन्याचं घालतात, रोजच्याला तीच पोत. नव्यांना एकच सांगतो, डबी अंगावरच ठेवा.

सदर
डबीचं अगदी खरं. मी अंगठ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावली होती. पाळकसाहेबांनी मागितल्यावर पिन काढताना बोट टोचलं, पण अंगठ्या जागेवर होत्या. लग्न पाचचं, आणि नवरीची गाडी एलआयसी चौकात अडकलेली. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ हीच वेळ धरलेली आहे, त्यामुळे सहा वाजून गेल्यावर मी दारात आणि मित्राजवळ अशा येरझाऱ्याच घालत होतो. शेवटी सगळं वेळेत झालं. पाळकांशिवाय किमान दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक मी. मित्राच्या नावाखाली सही करताना हात थरथरत होता. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर बसलेलो.

इंदोरा
आमच्याकडे मुहूर्त नसतो, म्हणून धावपळ कमी. पांढरे कपडे, समोर बुद्ध आणि बाबासाहेब. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी मिळून म्हटलं. मी हार घेऊन उभा होतो, आणि मित्राचा आवाज फुटेना तेव्हा त्याच्या बाजूने जरा मोठ्याने म्हणत राहिलो.

महाल
माझ्या मित्राचं लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. दोघांचे धर्म वेगळे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. ते ३० दिवस त्याच्यासोबत असणं, हेच माझं खरं काम होतं. रोज रात्री फुटाळा तलावावर जाऊन बसायचो. तो घरच्यांविषयी बोलायचा, मी ऐकायचो. काय सल्ला देणार?

साक्षीदार तीन लागतात: मी, माझी बायको आणि नवरीची मैत्रीण. दोन्ही घरचं कोणीच आलं नाही. अधिकाऱ्यांसमोर दोघांनी एकमेकांना 'कायदेशीर पती', 'कायदेशीर पत्नी' म्हणून स्वीकारलं. वाक्य एवढंसं, पण मराठीत, त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला डोळे पुसावे लागले. हार मी सकाळीच बर्डीहून आणले होते, टेबलावर त्यांच्या पाकळ्या पडल्या होत्या. बायकोने त्या गोळा करून रुमालात बांधल्या.

नंतर पाचही जण तर्री-पोहे खायला गेलो. तिथे त्याच्या आईचा फोन आला. "जेवला का रे?" एवढंच विचारलं. त्याला बोलता येईना. फोन त्याने तसाच बायकोच्या हातात दिला.