एलटीव्हीवर (दीर्घ मुदतीच्या व्हिसावर) राहणाऱ्या सिंधी कुटुंबाचं नागरिकत्व: अर्ज कुठं, कसा?

प्रश्न (निपाणी): शेजारचं सिंधी हिंदू कुटुंब नोव्हेंबर २०१३ मध्ये पाकिस्तानातल्या सक्करहून व्हिसावर आलं, आता एलटीव्हीवर आहे. मुलगी २०१६ ला इथंच जन्मली. धाकटा भाऊ २०१७ ला आला. सगळ्यांचा अर्ज एकच करायचा का? आणि माल आणायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलेलं चालतं का?

उत्तर १ (बेळगाव): अर्ज माणसागणिक वेगळा. नवरा-बायको ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आलेत, म्हणून ते सीएएत (नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात) बसतात. हा अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला द्यायचा नाही, तिथं हेलपाटेच होतील. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जिल्हा समिती बोलावते. तिचे प्रमुख पोस्टाचे सुपरिंटेंडेंट असतात. अस्सल कागद दाखवणं आणि निष्ठेची शपथ तिथंच. निर्णय मात्र राज्य पातळीवरची समिती घेते.

कागद दोन तऱ्हेचे: पाकिस्तानचे नागरिक असल्याचा एक, आणि २०१४ संपण्याआधी आल्याचा एक. पासपोर्ट आणि व्हिसावरचा प्रवेशाचा शिक्का यांवर दोन्ही भागतं. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, जपून ठेवायला सांगा. शिवाय समाजाच्या स्थानिक संस्थेचा दाखला आणि एका भारतीय नागरिकाचं वर्तणुकीबद्दल प्रतिज्ञापत्र. पासपोर्ट, आधार, एलटीव्ही यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते निस्तरा. आणि बोलावणं आलं की जायचंच. वारंवार गैरहजर राहिलं तर अर्ज नाकारण्यासाठी पुढं जातो.

भाषेच्या अटीसाठी कन्नडच हवं असं नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही एक पुरते. सिंधी आणि मराठी दोन्ही त्यात आहेत.

उत्तर २ (चिकोडी): भावाचं वेगळं. सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या आदेशात २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना सूट मिळाली, तेव्हापासून खूप जण फसतात. ती सूट कागद नसल्याबद्दलच्या कारवाईपासून आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच. वडील किंवा आई फाळणीआधी जन्मले असतील तर भाऊ भारतीय वंशाचा ठरतो, आणि नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणी मागता येते. अट अशी: अर्जाआधीचे सलग १२ महिने भारतात, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून ६ वर्षं. त्या १२ महिन्यांत सक्करची वारी नको. खंडाला जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट, तीही केंद्रानं दिली तर. हे प्रकरण मात्र डीसी ऑफिसमार्फतच जातं.

मुलगी इथं जन्मली म्हणून आपोआप नागरिक होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याचे आईवडील, निदान त्यांतला एक, नागरिक लागतो. आईवडिलांचं प्रमाणपत्र हातात आलं की तिचा अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल म्हणून अर्ज लगेच करा.

उत्तर ३ (बेळगाव): गांधीनगरचं राहिलंच. एलटीव्हीवर राहत्या राज्यात मोकळं फिरता येतं. सीमेवरचं कोगनोळी ओलांडलं की महाराष्ट्र, त्यामुळं एसपी ऑफिसातून आधी परवानगी घ्यायची, रोजचा धंदा असला तरी. अर्ज प्रलंबित असताना एलटीव्हीचं नूतनीकरण चुकवू नका.