लंडनच्या पेपरच्या डेटा टीममध्ये सांगलीतून काम, असंच चालू ठेवावं का?

विश्रामबागवाला:
मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं. मी सांगलीत घरी बसून लंडनच्या एका वृत्तपत्राच्या डेटा टीममध्ये काम करतो, नाव नको. कोविडमध्ये पुण्याची रूम सोडून आलो तो इथलाच झालो. काम मजेचं आहे, साइट आणि ॲपवरचे इव्हेंट्स (वाचकाच्या क्लिक वगैरेंच्या नोंदी) बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या डेटा गोदामात, येतात, त्यावर डीबीटीची मॉडेल्स (कच्च्या डेटातून हिशेबाची टेबलं बनवणाऱ्या क्वेरी), एअरफ्लोवर रोजचे जॉब्ज (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), आणि शेवटी संपादकांच्या डॅशबोर्डवर दिसतं की कुठली बातमी किती वाचली गेली, कशावरून लोकांनी सबस्क्रिप्शन घेतलं. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, थंडीत साडेतीनला, उन्हाळ्यात त्यांची घड्याळं पुढे गेली की अडीचला. त्यामुळे अख्खी सकाळ माझी, आईचा दवाखाना वगैरे सगळं निवांत होतं. पैशाचीही तक्रार नाही.

तक्रार एवढीच की सगळं मला सगळ्यात शेवटी कळतं. मध्ये न्यूजरूमने ठरवलं की लाइव्ह ब्लॉग (घडेल तसं टाकत जायचं बातमीचं पान) लांबला की तो बंद करून नव्या यूआरएलवर पुढे चालवायचा. ठीक आहे, पण आमच्याकडे प्रत्येक यूआरएल म्हणजे एक लेख, त्यामुळे एकाच माणसाला दोन्हीकडे मोजून वर बेरीज व्हायला लागली आणि वाचकांचा आकडा नुसता फुगला. सगळे खूश, मीच आपला क्वेरी चाळत बसलो. नंतर कळलं की हे म्हणे कॉफी मशीनपाशी बोलणं झालं होतं! आता मॅनेजर सांगतोय की टीम लीडची जागा लंडनमध्ये बसणाऱ्यालाच मिळणार. इकडे हिंजवडीतल्या एका कंपनीची ऑफर आहे, आठवड्याला तीन दिवस ऑफिस, पैसे थोडे कमी. काय करावं?

घाटावरची:
मीपण न्यूज पब्लिशरचंच डेटाचं काम करते, सगळं रिमोट. तुझं दुखणं कळतं, पण ते रिमोटचं म्हणून जेवढं वाटतंय तेवढं नाही, अरे ऑफिसात बसणाऱ्या डेटावाल्यांनाही न्यूजरूम काही सांगत नाही! कोड कुठूनही लिहिता येतो. वाचक कोणाला म्हणायचं, रात्रभर आपोआप रिफ्रेश होणारं पान एकदा मोजायचं की दहादा, हे मात्र पत्रकार आणि प्रॉडक्टवाले बोलता बोलता ठरवून मोकळे होतात. तिथे तुझा कान हवा. पेपरांमध्ये सकाळी संपादकांची कॉन्फरन्स असते, तिच्यात कॉलवर गप बसून ऐकायची परवानगी माग. आणि डीबीटीच्या डॉक्समध्ये प्रत्येक व्याख्येपुढे न्यूजरूममधल्या एका माणसाचं नाव टाक, म्हणजे बदल झाला की विचारायचं कोणाला हे तरी ठरलेलं राहील.

बरं, लांब बसण्याचा फायदापण सांगते. ४ जुलै २०२४ ला ब्रिटनची निवडणूक होती, मतदान तिथे रात्री दहाला संपलं आणि लगेच एक्झिट पोल, म्हणजे आपले पहाटेचे अडीच. तेव्हा मी तिथल्याच एका पब्लिशरकडे होते. टेबलची पार्टिशन्स, म्हणजे तारखेनुसार पाडलेले भाग, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आणि उन्हाळ्यात लंडन यूटीसीच्या तासभर पुढे, त्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासाचे इव्हेंट्स आदल्या तारखेत जाऊन पडत होते. एरवी कोण बघतंय, पण निकालाच्या रात्री त्या तासाला किंमत असते. थंडीत लंडन आणि यूटीसी एकच असल्यामुळे तिथल्यांच्या डोक्यातच येत नाही, आपण मात्र बारा महिने साडेपाच तास मिळवत-वजा करत असतो, म्हणून आधीच्या आठवड्यात ड्राय रनमध्येच, म्हणजे रंगीत तालमीतच, माझ्या लक्षात आलं.

वाकडचा_कंटाळलेला:
हिंजवडी? भाऊ, एकदा पावसाळ्यात संध्याकाळी सहाला फेज तीनवरून निघून दाखव, मग बोलू.
पण खरं सांगू का, लीडचं त्यांनी तोंडावर नाही म्हटलंय ना, मग आशेवर राहू नकोस. पस्तिशीच्या आत असशील तर चार माणसं सांभाळायचा अनुभव कुठूनतरी घे. नुसती मॉडेल्स लिहून आयुष्य काढायचं असेल तर सांगली झकास.

जमाखर्च:
एक कोणी विचारलंच नाही, तू एम्प्लॉयी आहेस की कॉन्ट्रॅक्टर? कॉन्ट्रॅक्टर असशील तर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा ते देतील तेवढीच, आणि आईचा विमा तुझ्या खिशातून. हे सगळं धरून ऑफर किती कमी पडते ते बघ, वरवरच्या आकड्यांवर जाऊ नकोस. दुसरी बाजू अशी की प्रिझम्प्टिव्हमध्ये (खर्चाचा हिशेब न देता ठरावीक वाटा उत्पन्न धरायची सोय), म्हणजे आयकराच्या जुन्या कायद्यातलं ४४एडीए, निम्मी रक्कम उत्पन्न धरून टॅक्स भरता येतो, पैसे बँकेतूनच येत असतील तर मर्यादा ७५ लाख. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (परदेशी कामावर जीएसटी न भरण्यासाठीचं हमीपत्र) दरवर्षी नव्याने भरायचं, ते विसरून लोक नंतर सीएकडे पळतात.

विश्रामबागवाला:
कॉन्ट्रॅक्टरच आहे. आईचा विमा धरला तर फरक बराच कमी होतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. @घाटावरची, कॉन्फरन्सचं आजच विचारतो. पण मी त्यांचा नोकर नाही, अशा माणसाला आत घेतात का?

घाटावरची:
कधी घेतात, कधी नाही. नसतील घेत तर निदान मीटिंगनंतरच्या बातम्यांच्या यादीत तुझं नाव घालायला सांग, त्यात लाइव्ह ब्लॉग कुठले हे लिहिलेलं असतं.

जमाखर्च:
आणि पुण्याच्या ऑफरला हो म्हणण्याआधी त्यांचा नोटीस पिरियड बघ. ९० दिवस असेल तर घासाघीस कर, लेटरवर सही केल्यावर कोणी ऐकत नाही.