गाडी हौसेची, पोट कशावर?

दोन रविवारांपूर्वी ताम्हिणी घाटात माझ्या मोटारसायकलच्या क्लचची केबल गेली. वायर शाबूत होती, लिव्हरमध्ये अडकणारी टोकाची गुंडी, निप्पल, तेवढी गळून पडली. आमच्यातल्या एकाने खिशातून वायरिंगचा पितळी कनेक्टर काढला, वायरच्या टोकाला चढवला, दोन स्क्रू आवळले आणि म्हणाला, "चल, घरापर्यंत जाईल." सहा वर्षं आम्ही बरोबर फिरतोय, पण हा माणूस एरवी करतो काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. महावितरणमध्ये वायरमन! मग लक्षात आलं, बाकीच्यांचंही मला काही ठाऊक नाही. कोणाच्या गाडीला किती दातांचं स्प्रॉकेट आहे ते पाठ, पगार कुठून येतो ते माहीत नाही.

म्हणून हा धागा. काम काय करता आणि त्या कामाचं गाडीशी जमतं का, ते आपापल्या गावाच्या नावाखाली लिहा. गाड्यांचे फोटो नकोत, ते बघून झालेत.

माझ्यापासून सुरुवात करतो. साताऱ्याकडे एका पतसंस्थेत वसुलीला आहे. हप्ते थकले की गाडी ओढून आणायची. गोदामापर्यंत ती चालवत मीच आणतो, आणि नुसतं बसल्यावर कळतं मालकाने कशी वापरलीय. चेनला तेल, टायरात हवा बरोबर, टाकीवर पोराने चिकटवलेलं वाघाचं स्टिकर. अशी गाडी आणली की त्या रविवारी मी फिरायला येत नाही. गटाला वाटतं, आळशी आहे.

शिरोली, कोल्हापूर
फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मोल्डिंगला. गाडी जुनी बुलेट ३५०, गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे.

'कास्ट आयर्न बुलेट' असं लोक छाती फुगवून म्हणतात, म्हणून जरा सांगतो. सगळं इंजिन बिडाचं नसतं. बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर, बिडाचा; हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे. बिडात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात, त्या तेल धरून ठेवतात, म्हणून तो बॅरल इतकी वर्षं सोसतो. पण ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. रिबोर केल्यावर, म्हणजे झिजलेला बॅरल कातून मोठा पिस्टन बसवल्यावर, फट कमी राहिली किंवा गाडी लगेच पळवली की पिस्टन आत अडकून धरलाच. हे सगळं मी रोज भट्टीसमोर बघतो, तरी नव्या रिबोरवर कागलच्या पुढे ऐंशीने गेलो आणि मागचं चाक जाम. टेम्पोतून घरी. फौंड्रीत अजून चिडवतात.

एकाने विचारलं होतं, दिवसभर भट्टीची धग खाऊन परत तापलेल्या इंजिनावर बसायला कसं वाटतं? काही वाटत नाही. पावसात बरं वाटतं.

लातूर
एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. आठवडाभर स्प्लेंडर, लातूर–उदगीर–अहमदपूर, सॅम्पलची बॅग टाकीवर. रविवारी हौसेची जुनी यामाहा आरएक्स १००. आई विचारते, सहा दिवस गाडीवरच असतोस, सातव्या दिवशी तरी उतर की. तिला समजावणं मी सोडलंय.

रत्नागिरी, सध्या जहाजावर
सेकंड इंजिनियर. घरी येझदी रोडकिंग मोटारसायकल, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे माझी गाडी तिच्या कारखान्यापेक्षा जास्त जगली.

गंमत अशी की मोठ्या मालवाहू जहाजांचं मुख्य इंजिनही येझदीसारखं टू-स्ट्रोकच असतं. फक्त ते डिझेलवर, मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतं आणि सिलिंडरमध्ये माणूस उतरून साफसफाई करतो. माझ्या येझदीच्या अडीचशे सीसीत अंगठा घालायची पंचाईत. तत्त्व मात्र तेच, पिस्टन वर-खाली झाला की एक आवर्तन पूर्ण. पोर्टमध्ये काजळी साचली की दोन्हीही कुरकुरतात.

खरा त्रास सुटी संपून जहाजावर गेल्यावरचा. सहा महिने गाडी उभी. निघताना मी कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊल रिकामा करतो, नाहीतर परत येईस्तोवर पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, चिकटलेला असतो. टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवायचो, गंज नको म्हणून. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून तीही रिकामी करून आतून तेल फिरवतो, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! वडिलांना दर रविवारी किक मारायला सांगितलं होतं. त्यांनी एकदाच मारली, किक उलटली, त्यानंतर गाडीचा विषय घरात निघत नाही.

पुणे
कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन चालवते. कामावर जे बघते ते इथे लिहिणार नाही, दोनच गोष्टी सांगते. एक, हेल्मेटचा पट्टा लावा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट आमच्याकडे बहुधा वेगळ्या पिशवीतून येतं. दोन, पडलेल्या माणसाचं हेल्मेट घाईने ओढून काढू नका. श्वास चालू असेल तर मान हलू न देता थांबा. काढावंच लागलं तर दोघं हवेत, एकाने मान धरायची, दुसऱ्याने हेल्मेट सोडवायचं.

नाईट ड्यूटीनंतर मी कधीच गाडी काढत नाही, कितीही चांगली राइड असो. गटातल्या दोघांना याचं हसू येतं. येऊ दे.

यवतमाळ
जिल्हा परिषदेचा मास्तर. लोकांना वाटतं मास्तरला सुट्याच सुट्या. हिशेब बघा. दिवाळीत लडाखला जाणं म्हणजे गारठून मरणं. मेमध्ये मनाली–लेह रस्त्यावरचा बर्फ अजून निघायचा असतो. बाकी महाराष्ट्रात १५ जूनच्या सुमारास शाळा भरतात, पण उन्हामुळे आमच्या विदर्भात जून संपत आल्यावर. तेवढीच फट. मधल्या काळात निवडणुकीचं नाहीतर जनगणनेचं काम लागलं नाही तर नशीब.

तिसऱ्या वर्षी जमलं. वेळ वाचवायला गाडी रेल्वे पार्सलने पाठवली. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आणि गोणपाटात बांधणारा माणूस इतकं घट्ट बांधतो की सोडायला अर्धा तास. मनाली–लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड चढताना गाडीचा दम गेला, माझाही. तिथे पाच हजार तीनशे मीटरवर हवाच विरळ, त्यात जुना कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच पाजत राहतो. एअर फिल्टर काढून चढवली. परत आल्यावर सातवीला हवेचा दाब शिकवताना हाच किस्सा सांगितला. पोरांनी परीक्षेतही तोच लिहिला.

म्हापसा
मी पायलट. विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डचा. आमच्या गोव्यात मोटारसायकल टॅक्सीवाल्याला पायलटच म्हणतात. तुमची हौस ती माझी रोजी. धंद्याची गाडी ॲव्हरेज देणारी, घरात जुनी राजदूत. तिच्यावर भाडं घेत नाही, कोणी कितीही दिले तरी.

पुणे, पूर्वी हिंजवडी
सगळे मजेत लिहिताहेत, म्हणून माझंही वाचा. अकरा वर्षं सॉफ्टवेअर. मग वाटलं, आवडतं तेच करू, आणि जुन्या गाड्या उभ्या करून देण्याचं गॅरेज टाकलं. पहिलं वर्ष स्वर्ग. दुसऱ्या वर्षी कळलं की मला स्वतःची गाडी खोलायला आवडायचं, लोकांची नाही. ॲडव्हान्स देऊन गायब होणारे, "एवढ्याशा वायसरचे पैसे?" म्हणणारे, सुट्या भागांसाठी जुन्या बाजारातल्या खेपा. चौदा महिने माझी स्वतःची जावा मोटारसायकल कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. एक दिवस ताडपत्री उचलली तर आत मांजरीची पिल्लं.

गॅरेज पूर्ण बंद नाही केलं. पोरगं चालवतं, हुशार आहे, माझ्यापेक्षा हात साफ. मी परत नोकरीला लागलो. जावा परवा सुरू झाली. पिल्लं शेजाऱ्यांकडे आहेत.

मुळशी
तो वायरमन मीच. तुम्ही लोक पावसाळी राइडचं ठरवता ना, तेव्हा इकडे फांदी पडून डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडालेला असतो आणि मी लाइन बंद केल्याच्या परमिटची वाट बघत खांबाखाली उभा. जून ते सप्टेंबर मला मोजू नका. बाकी खिशात कनेक्टर, टेस्टर, चिकटपट्टी कायम असते, त्यात विशेष काही नाही. धुवायला टाकताना बायको ओरडते.

धागा काढणाऱ्याला एकच विचारायचंय. केबल बदललीस का? तो जुगाड घरापर्यंतचाच होता. आणि कनेक्टर परत आण, दोनच उरलेत.