२ फुटी टाकीत सकर आणि टायगर शार्क? हा सल्ला कृपया मागे घ्या

मुळाकाठ
काल इथे घरच्या टाकीत मासे पाळणाऱ्या नवशिक्यांसाठी एक लेख आला. २ फुटी टाकी घ्या, गप्पी-मॉली सोडा, काच साफ ठेवायला एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा कॅटफिश) आणि शोभेला दोन टायगर शार्क, असा त्यातला सल्ला. खाली सगळे ‘छान माहिती’ म्हणून मोकळे झाले. मला राहवलं नाही.

२ बाय १ बाय १ फुटाची टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर. वाळू, दगड, लाकूड वजा केलं की पंचेचाळीस-पन्नास. त्यात टायगर शार्क? दुकानात बोटाएवढं चंदेरी पिल्लू म्हणून मिळतो तो पंगस नावाचा कॅटफिश आहे, मेकाँग नदीतला, मीटरभराहून मोठा होणारा. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. घाबरट इतका की खोलीतला दिवा लावला तरी काचेवर डोकं आपटतो. माझ्या मावसभावाकडच्या माशाचं नाक आपटून आपटून पांढरं पडलं होतं, आणि घरच्यांना वाटायचं तो खेळतोय.

सकरचंही तेच. दोन इंचांचा असताना शेवाळ खातो हे खरं. पण तो फूटभर होतो, पुढे दीड फुटापर्यंत जातो. मोठा झाला की शेवाळाकडे ढुंकून बघत नाही, आयता दाणा खातो आणि रात्री गोल्डफिश, एंजल अशा संथ, चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. शिवाय हगतो किती! पाणी साफ राहतं ते फिल्टरने आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलल्याने, माशाने नाही.

कॅटफिश घ्यायचाच तर आधी विचारा, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो. मग त्याच्या तोंडाकडे बघा. जो मासा त्या तोंडात मावतो, तो एखाद्या रात्री पोटात जाणार. २ फुटीत मी खाली कोरी (कोरीडोरास, तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) ठेवीन, एकाच जातीचे किमान सहा. दोन घेतले तर कोपऱ्यात दबून बसतात. तळाला मऊ वाळू हवी, धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. दाणा बुडणारा टाका, ‘वरून पडलेलं उष्टं खातील’ म्हणून उपाशी ठेवू नका. शेवाळासाठी एक ब्रिसलनोज, सकरचाच छोटा भाऊबंद, तो चार-पाच इंचांवर थांबतो. त्याला लाकडाचा तुकडा आणि वाफवलेली काकडी किंवा दुधी द्या.

टाकीवाला_ठाणे
लेख माझा आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. माझ्याकडे २ फुटीत सहा वर्षं सकर आहे. सात इंचांवर थांबलाय, खातो-पितो, कोणाला त्रास नाही. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, हे मला तीस वर्षं मासे विकणाऱ्या माणसाने सांगितलंय. तुम्ही सहा कोरी, वाळू, लाकूड अशी यादी देता, त्याचा खर्च कोण करणार? पोरगं दुकानात हट्ट करून बसतं तेव्हा बाप स्वस्तात मिळेल तो सकर घेतो. त्या बापासाठी मी लिहिलंय.

मुळाकाठ
थांबलेला नाही, खुंटलाय. वाढ खुंटणं म्हणजे तब्येत बिघडणं. हा मासा नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. आणि त्या बापालाच तर सांगायला हवं की आज स्वस्त पडलेला मासा दोन वर्षांनी मोठी टाकी मागणार आहे.

निऑनप्रेमी
तोंडाचा मुद्दा मी भोगलाय. ‘शांत कॅटफिश आहे, ताई’ म्हणून मला पिक्टस दिला. चांदीसारखा, काळे ठिपके, शेपटीपर्यंत पोचणाऱ्या मिशा, बघताक्षणी प्रेमात पडले. टाकीत पंधरा चिमुकले निऑन मासे होते. आठवड्याने नऊ मोजले, महिन्याने दोन. मी फिल्टर उघडून शोधत होते, यजमान म्हणाले उडी मारून बाहेर पडले असतील, म्हणून सोफा सरकवून पाहिला. पाच इंचांसुद्धा न भरणारा मासा एवढं करेल असं वाटतच नाही. परत द्यायला काढला तर पंखाचा काटा जाळीत अडकला, जाळी कापावी लागली. वर तो काटा बोटात घुसला तो संध्याकाळपर्यंत ठणकत होता. पिक्टस वाईट नाही, पण त्याच्याबरोबर तोंडात न मावणारेच मासे हवेत, आणि त्याला काढायचं तर डब्याने काढा.

डोंबिवली_पूर्व
सहा कोरी म्हणणं सोपं आहे हो. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं. असंच कुणाचं तरी वाचून सहा पांडा कोरी आणले, आठवड्यात पाच गेले. माझी आठ वर्षांची मुलगी रोज सकाळी उठून मोजायची. तुमच्या पुण्याच्या हवेतले सल्ले मुंबईकरांना देऊ नका.

मुळाकाठ
हे मी लिहायला हवं होतं, चूक माझी. पांडा आणि पेपर्ड या जातींचे कोरी थंड पाण्यातले, २५ च्या वर त्यांना सोसत नाही. तुमच्याकडे स्टर्बाय घ्या, तो २८ पर्यंत मजेत राहतो, नाहीतर ब्राँझ. तरीही मे महिन्यात झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. कोरी अधूनमधून वर येऊन हवा गिळतात ते नेहमीचंच, आतड्यातून श्वास घेतात ते. सारखे वर पळायला लागले तर मात्र काहीतरी बिघडलंय.

नोंदवही
एक दुरुस्ती. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या वंशातून अनेक वंश वेगळे काढले, त्यामुळे शास्त्रीय नावं बदलली. स्टर्बाय आणि पांडा आता होप्लिसोमा, ब्राँझ ऑस्टिओगास्टर.

डोंबिवली_पूर्व
आमचे पाच मेले ते कुठल्या नावाने मेले याने काय फरक पडतो?

हिरवी_गॅलरी
सकरबद्दल एवढं रामायण कशाला? आमचा मोठा झाला तेव्हा जीव घेववेना, म्हणून सोसायटीजवळच्या तलावात सोडला. तो सुखी, आम्हीही सुखी. मोठं पाणी मिळालं त्याला.

भीमाकाठ
ताई, हे वाचून माझं डोकं फिरलं. माझे मामा उजनीच्या पाण्यावर मासेमारी करतात, इंदापूरच्या बाजूला. जाळ्यात सकर येतो. अंगावर चिलखत, पंखांना काटे, जाळ्यात असा गुंततो की सोडवताना जाळं फाटतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पहाटे तीनला होडी काढायची आणि उन्हं वर आल्यावर फाटलेलं जाळं शिवत बसायचं. पाण्याबाहेर काढून टाकला तरी तासन्‌तास मरत नाही. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतात. अमेझॉनकडचा हा मासा भीमेत उडत आला का? तुमच्यासारख्या दयाळू लोकांनीच सोडला.

हिरवी_गॅलरी
मी डोंबिवलीच्या बाजूला राहते, तुमच्या भीमेत काही सोडलेलं नाही. मला गुन्हेगार म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. एक मासा सोडला, कारखान्याचं पाणी नाही सोडलं. नद्या कोणी मारल्या ते सगळ्यांना माहीत आहे.

भीमाकाठ
कारखान्यांबद्दल माझ्याइतकं कोणी भांडलं नसेल. पण ‘एकच’ म्हणणारी शंभर घरं असतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीतल्या मासळीच्या तळ्यांमध्ये, जिथे शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवतात, तिथेही हाच सकर पसरलाय.

जुनी_होडी
उजनीचा विषय निघालाच आहे तर चिलापीवर, म्हणजे परदेशी तिलापियावर बोला. तिच्यापुढे सकर काहीच नाही. आमच्या लहानपणी जाळ्यात रोहू, कटला, मरळ, शिंगटी असं काय काय यायचं, आता टोपलीभर चिलापी. आणि मांगूर? आफ्रिकी मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी शेततळ्यांत वाढवतातच. आपला देशी मांगूर त्याच नावाखाली विस्मरणात गेला. बंदी कागदावर असते, हे लक्षात ठेवा.

टाकीवाला_ठाणे
बरोबर, आणि मग सकरवरच राग का? गप्पी कुठला आहे? तोही दक्षिण अमेरिकेतला. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्या पालिकाच तो पाण्यात सोडतात. तेव्हा कोणाचं डोकं फिरत नाही.

भीमाकाठ
गप्पीचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. तोही सोडू नये. पण गप्पीने मामांचं जाळं फाटत नाही, म्हणून आमच्या घरात शिव्या सकरला पडतात. तुमच्या लेखातून दर महिन्याला किती सकर घरात येतील आणि त्यातले किती दोन वर्षांनी तलावात जातील, एवढं मनाशी मोजा.

निऑनप्रेमी
दुकानं परत का घेत नाहीत? मी पिक्टस न्यायला गेले तर ‘मोठा मासा कोण घेणार’ म्हणाला. विकताना ताई, परत करताना ओळख नाही. विकतानाच पाटी लावा, ‘हा मासा दीड फूट होतो’. कायदा होईल तेव्हा होवो.

डोंबिवली_पूर्व
पाटीला माझा पाठिंबा. त्यावर पाण्याचं तापमानही लिहा.

टाकीवाला_ठाणे
काल रात्री मुलाकडून माझा सकर नीट मोजून घेतला. साडेसात इंच, पण पोट आत गेलंय आणि पाठ थोडी वाकडी आहे, हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. लेखातून टायगर शार्क काढतो. सकर काढणार नाही, पण ‘फूट-दीड फूट होतो, किमान ४ फुटी टाकी लागते, तलावात सोडू नये’ ही ओळ घालतो. मुळाकाठ, तुमची बोलण्याची पद्धत मला आवडलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

मुळाकाठ
४ फूटही कमीच आहेत, पण ओळ घालताय त्याबद्दल आभार. पद्धतीबद्दल माफी मागतो, मताबद्दल नाही.

हिरवी_गॅलरी
मला एवढं बोललात, आता उपायही सांगा. दुसरा सकर घरात आहे, नऊ इंचांचा. दुकान घेत नाही, मारणार मी नाही, तलावात सोडायचा नाही. मग करू काय?

भीमाकाठ
माझ्याकडे घरामागे सिमेंटचा हौद आहे, सहा फूट लांब. त्याचं पाणी झाडांना जातं, ओढ्याला कुठे मिळत नाही. तिथे आधीच लोकांनी आणून दिलेले दोन सकर आहेत. पुण्याला येणार असाल तर घेऊन या.

हिरवी_गॅलरी
पुढच्या रविवारी बहिणीकडे यायचंय. आणते.

भीमाकाठ
झाकणाच्या बादलीत आणा, मासा बुडेल एवढंच पाणी, झाकणाला भोकं. निघायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका, नाहीतर वाटेत पाणी खराब होईल.