नववीच्या पोरांना 'योल्ङू बॉय' दाखवायचा आहे, पेट्रोल हुंगायचा सीन ठेवू का कापू?

नमस्कार मंडळी, एटापल्ली तालुक्यात आश्रमशाळेवर शिकवून रायलो, नववीत जवळपास सगळे माडिया पोट्टे. ऑस्ट्रेलियाचा २००१ चा सिनेमा आहे, आर्नहेम लँडमधले योल्ङू जमातीचे तीन आदिवासी दोस्त, एकाला फुटबॉलचं वेड, एक बापजाद्यांच्या रीतीत रमलेला अन तिसरा पेट्रोल हुंगून वाया चाललेला, त्याला वाचवायसाठी तिघं डार्विन शहराला निघतात. शेवटी तो मरते. लय मनापासून दाखवायचा आहे पण तो सीन पाहून पोट्टे भलतंच शिकले तर?

धारणीचे सर:
कापू नका. आमच्या कोरकू पोरांना दाखवला तेव्हा मी त्या सीनवर थांबवून दहा मिनिटं भाषण ठोकलं, पोरं माना खाली घालून बसली अन पुढचा सिनेमा कोणी पाहिलाच नाही, ती माझी चूक. तुमच्याकडं पेट्रोल नसंल, पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तर आहे ना? खिसे तपासू नका, पहिला खर्रा कोणी दिला एवढंच विचारा. अन हेही सांगा की तिकडं २००५ पासून दुर्गम भागात ओपल नावाचं पेट्रोल आणलं, हुंगलं तरी नशा येत नाही असं, तर हुंगणं खूप कमी झालं. सगळा दोष पोरांचाच असता तर पेट्रोल बदलून काय झालं असतं?

भामरागडची:
मी स्वतः माडिया आहे सर. "पाहा तिकडचे आदिवासी कसे" अशी सुरुवात नका करू. आधी गोटुलबद्दल, म्हणजे गावातली तरुण पोरं-पोरी जमतात त्या घराबद्दल, पोरांनाच बोलू द्या, गावात माणूस मोठा कधी धरतात ते. पहिलीपासून होस्टेलवर राहिलेल्या पोराले गोटुल धड माहीतच नसते, सुटीत घरी गेला की धाकटा चुलतभाऊ ढोल वाजवते, बाकीचे रेला नाचतात अन हा कडेला उभा, पाय कुठं टाकावा समजत नाही. अन खाली इंग्रजीच्या पाट्या येतात त्या कोणी वाचणार नाही, मोठ्या वर्गातली एखादी पोरगी बसवा, थांबवून थांबवून माडियात सांगंल.

प्रश्न विचारणारा:
सीन ठेवतो, दोन शनिवार मिळून दाखवतो. ताई, तुमचं ते ढोलाचं वाचून हात थांबला. माझ्या वर्गातला एक पोट्टा दिवाळीच्या सुटीवरून आला अन दोन दिवस कोणाशी बोलला नाही, मी ताप असंल समजून गोळी दिली होती.