नॉक-ऑफ स्पिनर: तांब्याचा हातोडा की लाकडी पान्हा?

धागाकर्ता, कॉव्हेंट्री:
माझी १९६५ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारेची चाकं, दोन कानांचे स्पिनर (चाक मधोमध धरून ठेवणारा मोठा नट, कानांवर ठोकून सोडायचा-आवळायचा). मागच्या रविवारी चाक काढताना घाव निसटला, स्पिनरचं क्रोम गेलं आणि मडगार्डलाही पोचा आला. मला वाटतं आता हातोडा बंदच करावा. जाड प्लायवूडमधे स्पिनरच्या आकाराची खाच कापून लांब दांडा लावलेला पान्हा मिळतो, घरीही बनतो. कान वाकत नाहीत, क्रोम राहतं, आणि जोर किती लावला ते हाताला कळतं. साठ वर्षांपूर्वीच्या धातूवर घण घालत बसायचं कशाला?

पुणेकर, टीसीवाला:
अजिबात पटलं नाही. आमच्याकडे १९४८ ची एमजी टीसी आहे, १९ इंची चाकं, वडिलांपासून हातोड्यानेच काढतोय. एक सांगा, पुढचं चाक जॅकवर उचललं की तुमचा दांडा ओढून होणार काय? अख्खं चाकच फिरणार, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. हातोड्याच्या झटक्याने मात्र चाक फिरायच्या आत स्पिनर सरकतो, म्हणून तर ही पद्धत इतकी वर्षं टिकली. घाव निसटला तो हातोड्याचा दोष नाही हो, दोन-अडीच किलोचा घ्या, एका बाजूला तांबं एका बाजूला चामडं, आणि चामड्याची बाजू वापरा. लोखंडी हातोडा मात्र कुणी जवळ आणू नये.

धागाकर्ता:
ब्रेक दाबायला घरातलं माणूस बसवतो की. नाहीतर चाक जमिनीवर टेकवून शेवटचा जोर द्यायचा.

पुणेकर, टीसीवाला:
तिथेच तर गडबड आहे! चाक आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन उतरत्या कोनांमधे (शंकूसारख्या निमुळत्या भागांमधे) दाबलं जातं, आतला हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या गाडीकडच्या भागावर, आणि बाहेरचा स्पिनरवर. गाडीचं वजन चाकावर असताना आवळलं तर ते मधोमध बसेलच असं नाही. मग चाक बारीक हलत राहतं, हबच्या खाचा झिजतात, आणि रिव्हर्स घेताना टक् आवाज यायला लागला की समजायचं काम झालं. घट्ट करायचं ते हवेतच. सोडवताना मात्र जमिनीवर असतानाच थोडं सैल करून घ्या, जॅकवरच्या गाडीला लांब दांडा लावून ओढणं मला तरी फार भीतीदायक वाटतं.

मुंबईकर, नवीन सभासद:
पण गाडी पुढे पळाली की स्पिनर आपोआप आवळतो ना, मग एवढं ठोकायचं कशाला? डाव्या-उजव्या बाजूला आटे उलटे असतात ते त्यासाठीच की.

पुणेकर, टीसीवाला:
आवळतो, पण आधी नीट बसलेला असेल आणि खाचा शाबूत असतील तरच. त्याच्या भरवशावर राहू नका प्लीज. डावीकडे सरळ आटे, उजवीकडे उलटे, म्हणजे दोन्ही बाजूंना चाक पुढे फिरतं त्या दिशेने स्पिनर सुटतो. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. हबची दुरुस्ती करताना डावं उजवीकडे बसलं तर चाक निघून जाऊ शकतं, त्यामुळे स्पिनरवरचा बाण आणि 'अनडू' (सोडायची दिशा) बघूनच हात लावा.

लेस्टरकर:
मी दोघांशीही असहमत. कानच नकोत. अमेरिकेत १९६८ पासून पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कानवाले स्पिनर बंद झाले आणि एमजीबीला अष्टकोनी नट आले. माझ्या गाडीला तेच आहेत, मोठा पान्हा बसतो, ठोकताना निसटायचा प्रश्न कमी.

धागाकर्ता:
दिसायला कानवाले ते कानवालेच, ते मी सोडणार नाही. पण हवेत आवळायचा मुद्दा पटला. पुढच्या चाकांना ब्रेक दाबायला माणूस बसवून लाकडी पान्हा, आणि त्याच्या दांड्यावर हातोड्याचे दोन-तीन ठोके, म्हणजे क्रोमलाही धक्का नाही. खाचांना, कोनांना आणि आट्यांना ग्रीस लावणारच आहे, आणि वीस-तीस किलोमीटर चालवून झालं की परत एकदा तपासेन.

पुणेकर, टीसीवाला:
दांड्यावर ठोकणार म्हणजे हातोडा आलाच की घरात. आणि लाकडाला तडा गेलाय का ते दर वेळी बघत जा, आमच्या ओळखीत एकाचा पान्हा मधेच फाटून मनगट दुखावलंय.