रोजचा दीड जीबी संध्याकाळीच संपून राहिला. मोठा प्लॅन घ्यावा की आहे त्यातच भागेल?

मानेवाडा_रिंगरोड

घरात तीन फोन, तिन्ही प्रीपेड. तिन्हींवर २८ दिवसांचा, रोज १.५ जीबीचा प्लॅन. प्रत्येकी तीनशेच्या आसपास पडतो. घरी वाय-फाय नाही.

आई: कॉल, व्हॉट्सॲप, दुपारी यूट्यूबवर भजन-कीर्तन.
भाऊ: बारावी आणि जेईई. ॲपवर रोज दोन-अडीच तास रेकॉर्ड केलेले लेक्चर, शिवाय शंका विचारायचे ग्रुप.
मी: नागपुरात बर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोत रील्स आणि गाणी. हिंगणा एमआयडीसीत ऑफिसचं वाय-फाय आहे.

भावाचं नेट रोज रात्री आठच्या सुमारास बसते, लेक्चर नुसतं गोल फिरत राहते. दुकानदार म्हणतो रोज ३ जीबीवाला मारा. तिघांनाही मोठा प्लॅन परवडणार नाही. नेमका किती डेटा लागतो हे काढायचं कसं?

त्रिमूर्तीनगरकर

ताई, प्लॅनचं नंतर पाहू, आधी मीटर लावा.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे सिमखाली ॲप डेटा युसेज. सॅमसंगमध्ये हेच कनेक्शन्स, डेटा युसेज असं सापडेल. फोन महिन्याच्या तारखेवर हिशोब धरतो आणि आपला रिचार्ज २८ दिवसांचा, त्यामुळे दुसऱ्या महिन्यापासून फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत नाही. म्हणून बिलिंग सायकलची तारीख आजची टाका आणि एक आठवडा, रविवार धरून, रोज रात्री आकडा लिहून ठेवा. घरात आयफोन असेल तर ध्यानात ठेवा, तिथला करंट पीरियड आपोआप शून्यावर येत नाही. मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी रिसेट स्टॅटिस्टिक्स आहे, ते आपल्या हातानं दाबावं लागते.

आता एक मेख. ज्याचा कोटा रोज संपतो त्याचा मीटर १.५ जीबीच दाखवणार, कारण त्यापुढे वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) येतो. त्या वेगानं तासाभरात जेमतेम २८ एमबी उतरतात. म्हणजे भावाच्या फोनचा आकडा ही त्याची गरज नाही, ती कोट्याची मर्यादा आहे. त्याचा हिशोब उलट्या बाजूनं काढा. एक लेक्चर बरोबर १० मिनिटं चालवा, त्या ॲपचा आधीचा आणि नंतरचा आकडा पाहा, फरकाला ६ नं गुणा. हा तासाचा खर्च. हीच चाचणी ७२०पी आणि ४८०पी (व्हिडिओची स्पष्टता, आकडा मोठा तितकं चित्र स्पष्ट), दोन्हींवर करा.

इंटरनेटवरच्या तक्त्यांवर डोळे झाकून विसंबू नका. यूट्यूबवर ४८०पीला तासाला अर्धा जीबी आणि ७२०पीला एक जीबी किंवा वर, असा ढोबळ अंदाज धरतात. पण स्थिर फळ्यावर लिहिणारे सर आणि क्रिकेटची मॅच यांचा खर्च एकाच रिझोल्युशनवरही फार वेगळा पडतो, कारण चित्र जितकं कमी हलते तितका डेटा कमी. तुमच्या भावाला याचा फायदा आहे.

कुठे नुसता बिटरेट (सेकंदाला किती डेटा लागतो तो आकडा) लिहिलेला असेल तर १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. गाणी यात किरकोळ: ९६ केबीपीएसला तासाला ४३ एमबी, १६० ला ७२. तुमच्या मेट्रोतल्या खर्चात गाणी नाही, रील्स खाऊन राहिल्या. व्हॉट्सॲपचा व्हॉइस कॉल मिनिटाला साधारण अर्धा एमबी, व्हिडिओ कॉल मात्र पाचच्या घरात जातो.

मोजायच्या आधी फुकटची गळती बंद करा, नाहीतर तीही गरजेत धराल. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये मोबाइल डेटावरच्या ऑटो-डाउनलोडच्या चारही खुणा काढा (आईच्या फोनवर सकाळच्या गुड मॉर्निंगचे व्हिडिओ इथूनच उतरतात). गूगल फोटोजचा बॅकअप आणि प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वाय-फायवर ठेवा. बॅकअप म्हणजे अपलोड, आणि अपलोडसुद्धा कोट्यातूनच कापला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कवर डेटा सेव्हर लावा, फीडमधला ऑटोप्ले बंद.

बिटरेट_बाबूराव

आठ वाजता नेट बसते म्हणजे कोटाच संपला असं धरून चालू नका. त्या वेळी टॉवरवर गर्दीही असते. ओळख सोपी आहे. कोट्याचे ५०, ९० आणि १०० टक्के झाले की कंपनीचा मेसेज येतो, तो किती वाजता आला ते पाहा. आठच्या वेळी स्पीड टेस्ट लावा. आकडा ०.०६ एमबीपीएसच्या आसपास खिळून राहिला तर कोटा संपला. एक ते तीन एमबीपीएसमध्ये वरखाली होत असेल आणि पहाटे सुरळीत होत असेल तर ती गर्दी. तिथे ३ जीबी काय, १० जीबीचा प्लॅन घेऊनही काही फरक पडणार नाही. त्या घरात दुसऱ्या कंपनीचं सिम लावून पाहावं लागेल.

फक्त नेट धडधडीत चालू असताना गंमत म्हणून स्पीड टेस्ट लावू नका. १०० एमबीपीएस वेगावर १५ सेकंदांची टेस्ट सुमारे १९० एमबी खाते. फाइव्ह-जीवर त्याहून जास्त.

मानेवाडा_रिंगरोड

आठवडाभराचे आकडे. गळती बंद करूनच मोजलं.

आई: रोज सरासरी ०.३ जीबी.
मी: सोमवार ते शनिवार रोज १.१, रविवारी दीड जीबी दुपारी चारलाच खलास.
भाऊ: १०० टक्क्यांचा मेसेज रोज ७:४० ते ८:१० मध्ये येतो, टेस्टही ०.०६ दाखवते. १० मिनिटांचं लेक्चर ७२०पीला १०७ एमबी, ४८०पीला ५५. बाकीचा वापर ०.६ च्या आसपास.

घरी फायबर घेतलं तर स्वस्त पडेल का, हेही सांगा.

त्रिमूर्तीनगरकर

छान मोजलं. म्हणजे गर्दी नाही, कोटाच आहे.

भाऊ ७२०पीवर: तासाला ०.६४, अडीच तासांचे १.६, वर बाकीचे ०.६, मिळून २.२ जीबी. ४८०पीवर: ०.३३ प्रमाणे अडीच तासांचे ०.८३, अधिक ०.६, म्हणजे १.४ च्या वर. दीडमध्ये बसते, पण काठोकाठ. फिजिक्सच्या डेरिव्हेशनमधले बारीक घातांक ४८०पीवर वाचता येतात का, हे त्यालाच विचारा. येत नसतील तर उगाच डोळे फोडायला लावू नका. गणित-फिजिक्स ७२०पी आणि थिअरीचे तास ४८०पी असंही करता येते.

तुमची सरासरी दीडच्या आत आहे, तरी रविवारी नेट जातेच, कारण सोमवारचे उरलेले ४०० एमबी रविवारी मिळत नाहीत. रोजच्या कोट्याची हीच अडचण. एका रविवारसाठी २८ दिवसांचा मोठा प्लॅन घेणं परवडत नाही, त्या दिवशी छोटं डेटा व्हाउचर टाका. व्हाउचर मूळ प्लॅन चालू असेल तरच चालते, आणि एका दिवसाचं व्हाउचर रात्री साडेअकराला मारलं तर तासाभरातच संपून जाण्याचा धोका, म्हणून त्याची वैधता वाचून घ्या.

फायबरचा हिशोब. आत्ता २८ दिवसांचे वर्षाला १३ रिचार्ज होतात, बारा नाही. ३०० × १३ = ३,९००, तिघांचे ११,७००. आता समजा फायबर ४०० रुपयांचं आहे. मोबाइलच्या प्रीपेडचा छापील भाव करासकट असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत मात्र १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा वेगळा. म्हणजे ४७२, वर्षाला ५,६६४. त्यावर तुमचा आहे तोच प्लॅन ३,९००, भावाला २०० चा छोटा प्लॅन धरला तर २,६००, आईला नुसत्या कॉलचा वर्षाचा प्लॅन १,८०० धरू. बेरीज १३,९६४. सव्वादोन हजार जास्तच. लॅपटॉप किंवा टीव्ही येणार असेल तर जरूर घ्या, पण बचत होईल म्हणून घेऊ नका.

आणि नुसत्या कॉलचा प्लॅन घरी वाय-फाय असेल तरच आईच्या कामाचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं, तेच हे. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, पण डेटा शून्य. भजन बंद, व्हॉट्सॲप बंद.

रिचार्जवाला_बर्डी

अहो, एवढं गणित मांडलं अन् आईचा फोन तसाच सोडला. त्यांचे रोज १.२ जीबी रात्री बाराला वाया जाऊन राहिले, आणि भावाला ०.७ कमी पडून राहिले. आठ वाजता आईच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा, झालं. एक रुपयाही लागत नाही. आमच्या दुकानात हा उपाय कोणी सांगणार नाही, विकायला काही नाही ना त्यात.

पण नुसता हॉटस्पॉट लावला तर फसू शकता. भावाच्या फोनला तो साधा वाय-फाय वाटू शकतो. तसं झालं तर 'वाय-फायवर असेल तरच' असं सांगून थांबवलेले सगळे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप तेव्हाच सुटतात, आणि आईचा डेटा दहा मिनिटांत साफ होतो. म्हणून भावाच्या फोनवर त्या वाय-फायच्या नावापुढचं गियर उघडा, नेटवर्क युसेजमध्ये 'मीटर्ड' निवडा. हे त्या नावापुरतंच लागू राहते, पुन्हा पुन्हा करावं लागत नाही. आईच्या फोनमध्ये हॉटस्पॉटला डेटा लिमिट लावायची सोय असेल तर ८०० एमबी ठेवा. नसेल तर मुख्य डेटा लिमिट लावू नका, ती लागली की त्यांचं स्वतःचं व्हॉट्सॲपही बंद पडेल. पासवर्ड ठेवाच. फोन चार्जिंगला लावून पंख्याखाली ठेवा, उन्हाळ्यात हॉटस्पॉटनं तापतो.

'अनलिमिटेड फाइव्ह-जी' पाहून प्लॅन घ्यायचा विचार असेल तर भावाच्या अभ्यासाच्या खोलीत, दार लावून, फोनवर फाइव्ह-जीची खूण टिकते का ते दोन-तीन संध्याकाळी पाहा. खूण फोर-जीवर घसरली की तेवढा वापर रोजच्या कोट्यातून कापला जातो. गच्चीवर येते आणि आत येत नाही, असं पुष्कळ घरांत होते.

पोर्ट करायचं (नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची) झालंच तर आधी नव्या कंपनीच्या संकेतस्थळावर मानेवाडा आणि हिंगणा, दोन्हींचा कव्हरेज नकाशा पाहा. मग कीबोर्डवर मराठी असेल तर आधी इंग्रजी करून PORT हा शब्द, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि १९०० ला एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येईल, तो चार दिवसच चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असायला पाहिजेत. आणि प्लॅन संपायच्या दोन-चार दिवस आधीच करा, उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या सिमवर येत नाहीत. परवा रिचार्ज मारून आज पोर्टला आलेले रोज पाहतो.